उताराकडे तोंड करून

गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा दिवस आधीच ठरलेला असतो. सकाळी श्रीनगरहून निघालेली गाडी तंगमर्गला थांबते. तिथे भाड्याचे गमबूट आणि गुडघ्याखाली येणारे कोट अंगावर चढतात, चाकांना साखळ्या लावलेली दुसरी गाडी मिळते आणि बर्फाने वाकलेल्या झाडांमधून वळणं घेत तेरा किलोमीटरचा चढ सुरू होतो. वर पोचल्यावर गोंडोला या केबल कारची रांग, स्लेजवर एक फेरी, कहवा, मॅगी, फोटो. चारच्या आत सगळे गाडीत परत. रात्री श्रीनगरच्या हॉटेलात प्रत्येकजण घरी फोन करून सांगतो, बर्फ पाहिला.

त्याच माळाच्या एका कडेला त्याच वेळी वेगळी माणसं दिसतात. पायांत लांब पट्ट्या अडकवून, उताराला काटकोनात उभं राहून, एकेक पाऊल आडवं टाकत ती वर चढत असतात. अर्धा तास चढून झाल्यावर वळतात आणि दहा सेकंदांत घसरत खाली येतात. मग पुन्हा चढायला लागतात. त्यांत श्रीनगरच्या शाळकरी मुली असतात, केरळचा एखादा कॉलेजकुमार असतो, बंगळुरूहून रजा काढून आलेलं जोडपं असतं आणि पुण्या-मुंबईची चार-दोन टाळकीही हमखास असतात. दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे लालबुंद होतात आणि थंडी उणे पाच असली तरी आतले कपडे घामाने भिजतात. ही माणसं स्की शिकत असतात. हा लेख त्यांच्याविषयी आणि त्यांना शिकवणाऱ्यांविषयी आहे. गुलमर्ग पाहून येण्याऐवजी गुलमर्गला राहून स्की शिकून यावं, असं मला मनापासून वाटतं. ते का वाटतं, हे सांगायला थोडं तपशिलात शिरावं लागेल.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून आणखी एक हजार मीटर वर. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात ती हिरवळ हिवाळ्यात चार-पाच फूट बर्फाखाली जाते आणि नवशिक्यांचं मैदान होते. २१ डिसेंबरला चिल्ले कलान सुरू होतो. कडाक्याच्या थंडीचे हे चाळीस दिवस. या दिवसांत पडलेला बर्फ गोठून बसतो आणि टिकतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पडलेल्या बर्फाचा भरवसा नसतो, तो उन्हाबरोबर खचायला लागतो. म्हणून शिकायचं तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट, असा इथला हिशेब.

पहिला धडा बुटांचा. स्कीच्या बुटाची कल्पना चित्रं पाहून येत नाही. टणक प्लास्टिकचं कवच, आत जाड अस्तराचा मोजा, पुढे नडगीवर येणारी रुंद जीभ आणि वर तीन-चार धातूच्या कड्या. नवखा माणूस दोन-तीन जोड मोजे चढवून येतो. दुकानदार आधी ते उतरवायला लावतो. एकच पातळ मोजा, आणि तोही गुडघ्यापर्यंत. जास्त मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट लवकर गारठतात. बूट घातला की टाच जमिनीवर आपटायची, म्हणजे ती मागे नीट बसते. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तीच बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. ही परीक्षा पास झाली नाही तर बूट बदलायचा, लाजायचं नाही. दिवसभर पाय त्यातच राहायचे असतात. सैल बुटात पाय वळला तरी स्की वळत नाही, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

मग बाइंडिंग. स्कीवर बूट धरून ठेवणारा हा सांगाडा म्हणजे या खेळातला सगळ्यात हुशार भाग. पुढचा जबडा बुटाचं टोक धरतो, मागचा टाच धरतो. आत स्प्रिंग असते आणि तिचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो. दुकानदार वजन विचारतो, उंची विचारतो, वय विचारतो, आधी कधी स्की केलंय का विचारतो. ही चौकशी त्या स्क्रूसाठी असते. ताण कमी ठेवला तर चालता चालता स्की निघेल, जास्त ठेवला तर पडल्यावरही निघणार नाही आणि पिळवटलेला गुडघा तुटेल. पडताना योग्य क्षणी पाय सोडून देणं हे बाइंडिंगचं काम. म्हणून त्या स्क्रूवर आपली नजर हवी. वजन सांगताना पाच किलो चोरू नयेत.

स्की पायात अडकवायची तीही उताराला आडवी ठेवून, आधी खालच्या बाजूची. हातातल्या पोलच्या टोकाने बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडून काढायचा, कारण सुपारीएवढा गोळा राहिला तरी टाच बसत नाही. पुढचं टोक खोबणीत घालायचं, टाच दाबायची, खट् असा आवाज आला की झालं. हे चांगल्या हवेत, सपाटीवर, हातमोजे काढून सोपं असतं. उतारावर, एक स्की निघून तीन मीटर खाली अडकलेली असताना, बोटं बधिर झालेली असताना तेच करायला पाच मिनिटं लागतात. प्रशिक्षक मदत करत नाही. शेजारी उभा राहतो आणि वाट पाहतो. त्याचं बरोबर असतं, कारण वर अफरवट शिखराच्या उतारावर तुमच्या टाचेखालचा बर्फ खरवडायला कुणी येणार नसतं.

आता मुख्य गोष्ट. सह्याद्रीत भटकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात एक सवय मुरलेली असते. घसाऱ्यावरून उतरताना शरीर मागे टाकायचं, टाचा रोवायच्या, जमलं तर हात मागे टेकायचे, पार बसूनही घ्यायचं. हरिश्चंद्रगडाच्या किंवा राजगडाच्या वाटेवर ही सवय जीव वाचवते. स्कीवर ती नेमकी उलटी पडते. अंग मागे टाकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं. वळवण्याचं काम हाच भाग करतो. वजन नसलेली स्की वळत नाही, थांबत नाही, सरळ उताराने धावत सुटते. वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो, त्यामुळे वेग आणखी वाढतो. शेवटी तो पार्श्वभागावर बसतो आणि बसलेल्या अवस्थेतच वीसेक मीटर जातो. पहिल्या दोन दिवसांतले बहुतेक अपघात असेच होतात.

उपाय सांगायला एका वाक्याचा आहे: नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवा. घसरणीची भीती वाटेल तेवढं जास्त दाबा. उताराच्या खालच्या बाजूला झुका. मी इथे शिकलो तेव्हाचे आमचे प्रशिक्षक तंगमर्गजवळच्या गावातले, पन्नाशीच्या पुढचे, बोलायला मोजके. उतारावरून त्यांची एकच हाक दिवसभर ऐकू यायची. "पिंडली, सर, पिंडली! सामने दबाओ!" आणि थोड्या वेळाने, "नीचे मत देखो, दूर देखो." ज्याला आपण खाली पाहणं म्हणतो ते खरं तर स्कीच्या टोकांकडे पाहणं असतं, आणि टोकांकडे पाहिलं की कंबर वाकते, मान पडते, वजन पुन्हा मागे जातं. दहा-पंधरा मीटर पुढे पाहिलं की शरीर आपोआप सरळ होतं. डोक्याला हे पहिल्याच तासात पटतं. पायांना पटायला दिवस जातात. वीस-पंचवीस वर्षं गड चढलेल्या माणसाला तर जास्त, कारण त्याच्या पायांना भलतंच काहीतरी पाठ असतं आणि ते त्यांना विसरायला लावायचं असतं. आमच्या तुकडीत सगळ्यात लवकर शिकली ती श्रीनगरची शाळकरी मुलं. त्यांच्या पायांना विसरण्यासारखं काही नव्हतं.

पडणं हाही शिकण्याचा विषय आहे. तोल गेलाच तर कुशीवर, वरच्या बाजूला पडायचं. हात मागे टाकायचे नाहीत, पोलच्या पट्ट्यात अंगठा अडकवायचा नाही. उठताना मात्र नवशिके गडबडतात. स्की उताराकडे तोंड करून ठेवल्या तर उठता उठताच घसरायला होतं. म्हणून आधी पाठीवर होऊन पाय हवेत घ्यायचे, दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला उताराला आडव्या आणायच्या, कडा बर्फात रुतवायच्या, मग हातावर जोर देऊन उठायचं. मऊ ताज्या बर्फात हात कोपरापर्यंत आत जातो. तेव्हा दोन्ही पोल फुलीसारखे एकमेकांवर आडवे ठेवून त्यावर तळवा टेकायचा. एवढी एक युक्ती माहीत नसल्याने लोक पंधरा-पंधरा मिनिटं धडपडताना दिसतात.

चालणं, आडवं चढणं, उभं राहणं जमलं की स्नोप्लाऊ येतो. दोन्ही स्कींची टोकं जवळ, मागचे भाग दूर, गुडघे किंचित आत. जगभरच्या प्रशिक्षकांनी लहान मुलांसाठी त्याला पिझ्झा असं नाव दिलंय, आणि गुलमर्गच्या उतारावरही "पिझ्झा बनाओ" हे सर्रास ऐकू येतं. मागचे भाग जितके फाकवाल तितक्या आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग कमी होतो. हे ब्रेक झाले. वळणाची गंमत याच्या पुढची. उजव्या पायावर वजन टाकलं की माणूस डावीकडे वळतो. डाव्यावर टाकलं की उजवीकडे. ज्या बाजूला जायचं तिकडे झुकावं ही आपली ओढ इथेही उलटी ठरते.

प्रत्येक वळणात एक क्षण असा येतो की दोन्ही स्की थेट उताराच्या दिशेने रोखलेल्या असतात. आडवं जाताना सुरक्षित वाटत असतं. वळल्यावर पुन्हा आडवं होणार हे ठाऊक असतं. पण मधला तो सेकंद, दीड सेकंद काहीही अडवायला नसतं. नवशिका नेमका तिथे मागे झुकतो आणि वळण अर्ध्यावर मोडतं. पूर्ण वळण घ्यायचं तर त्या क्षणी तोंड, छाती, नडग्या सगळं उताराकडे झुकवून वाट पाहावी लागते. थांबलात, तर स्की स्वतःच फिरते. तिच्या कडेला दिलेला बाक त्यासाठीच असतो: टोकाला रुंद, कमरेत अरुंद, शेपटीला पुन्हा रुंद. कड रुतली की हा बाक स्वतःच कमान काढतो. १९९० च्या दशकात खोल बाकाच्या आखूड स्की बाजारात आल्या आणि शिकणं पुष्कळ सोपं झालं. त्याआधीची पिढी माणसाहून वीतभर उंच, जवळजवळ सरळ स्कींवर शिकली. हल्ली नवशिक्याला हनुवटीपर्यंत येणारी स्की देतात.

स्नोप्लाऊपासून हळूहळू दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेल्या वळणापर्यंत जाण्याचा हा क्रम गुलमर्गचा नाही. मुळात स्की हे नॉर्वेतल्या खेड्यांमधलं हिवाळी चालण्याचं साधन. तिथल्या टेलिमार्क भागातल्या सॉन्ड्रे नॉर्हाइम या गरीब कुळाने १८६० च्या दशकात टाचेभोवतीही बांधणी आणली, आणि उड्या मारणं, वळणं शक्य झालं. आल्प्सचे उतार फार तीव्र. तिथे ऑस्ट्रियाच्या मॅथियास झ्दार्स्कीने या उतारांसाठी वेगळं तंत्र बसवलं आणि पुढे हानेस श्नायडर या त्याच्याच देशातल्या प्रशिक्षकाने १९२० च्या दशकात सांक्ट आन्टोनला पायरी पायरीने शिकवण्याची पद्धत पक्की केली. खांबांमधून वळणं घेत उतरण्याच्या स्लॅलम शर्यतीला आजचं रूप दिलं ते आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेन गावात. हे लन महाशय १८८८ मध्ये मद्रासला जन्मले, वडील तिथे मिशनरी होते. त्यांच्याच खटपटीमुळे १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पर्वतउतारावरच्या स्कीइंगला पहिल्यांदा जागा मिळाली.

गुलमर्गला स्की आणली ती इंग्रज अधिकाऱ्यांनी. १९२७ मध्ये त्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. नाताळात आणि ईस्टरला शर्यती व्हायच्या. काश्मिरी माणूस तेव्हा स्की खांद्यावर वाहून नेण्याच्या कामाचा. ते चित्र बदललं स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या काश्मीर युद्धात बर्फातली लढाई शिकण्याची गरज कळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने १९ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला सुरू झाली. तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केंद्राच्या पर्यटन खात्याने नागरिकांसाठी शिक्षणाची सोय केली. आज ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग या नावाने चालते. राहणं, जेवण, साहित्य, प्रशिक्षण सगळं धरून साधारण दोन आठवड्यांचा प्राथमिक वर्ग तिथे असतो. याशिवाय पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट आहे, मनालीची अटलबिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट आहे, उत्तराखंडात औली आहे. सरकारी वर्गाचा खर्च युरोपातल्या एखाद्या स्की गावातल्या दोन-तीन दिवसांच्या खर्चातही सहज बसेल.

पण संस्थांच्या नावांमागे जी माणसं आहेत त्यांच्याविषयी मला जास्त लिहायचं आहे. आमच्या प्रशिक्षकांनी पहिली स्की वयाच्या आठव्या वर्षी स्वतः केली होती: देवदाराच्या दोन फळ्या, टोकं वाफेवर वाकवलेली, पायाला बांधायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे. गावामागच्या उतारावर तीच चालायची. खरी स्की हाती आली ती एका परदेशी पाहुण्याने जाताना टाकून दिलेली, एका बाजूची कड उखडलेली. तिच्यावर त्यांनी सहा हिवाळे काढले. मग संस्थेत मदतनीस, मग परीक्षा, मग प्रशिक्षक. उन्हाळ्यात ते सफरचंदाची बाग पाहतात आणि भाऊ घोडे चालवतो. हिवाळ्याच्या दहा-बारा आठवड्यांवर घरचं अर्धं वर्ष चालतं. दुपारी नमाजाची वेळ झाली की ते स्की उभ्या रोवून बाजूला जातात, परत आल्यावर थर्मासमधला मिठाचा गुलाबी नून चाय सगळ्यांना देतात. पहिल्या घोटाला मराठी जीभ दचकते. तिसऱ्या दिवशी तीच जीभ मागून घेते. तुमच्या मुलीने स्की शिकावी का, असं कुणीतरी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सर, वो मुझसे तेज़ है." आणि लगेच पुढच्याला हाक मारली, "पिंडली!"

अशाच एका घरातून आरिफ खान आला. तंगमर्ग परिसरातला हा मुलगा. वडिलांचं गुलमर्गला स्की साहित्याचं दुकान. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांत त्याने दोन सुवर्णपदकं घेतली आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. ज्या देशात स्की करता येईल असे उतार ढीगभर आहेत पण वर न्यायला लिफ्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तिथून निघून हे करणं किती अवघड आहे ते शिकाऊ उतार दिवसभर पुन्हा पुन्हा पायांनी चढल्याशिवाय समजत नाही. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने २०१८ मध्ये तुर्कस्तानात एका आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. या दोघांची नावं आपल्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवीत.

स्नोबोर्डविषयी थोडक्यात. एकच रुंद फळी, दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधलेले, अंग कुशीने उताराकडे. बूट मऊ, चालायला सुखाचे. पहिले दोन दिवस मात्र स्कीपेक्षा कठीण: पाय वेगळे करता येत नसल्याने तोल सावरायला दुसरा पाय नसतो, आणि खालची कड बर्फात अडकली की माणूस क्षणात आपटतो. मनगट आणि माकडहाड यांना जपावं. पडताना मुठी मिटाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम जमू लागतं. स्कीचं याच्या उलट, सुरुवात लवकर होते आणि सफाई यायला वर्षं लागतात. गुडघे कुरकुरणाऱ्या चाळिशीच्या माणसाने बोर्ड निवडावा की स्की, यावर गुलमर्गच्या चहाच्या टपऱ्यांवर रोज वाद होतो. माझं मत स्कीच्या बाजूने आहे.

आठवडाभराने गोंडोलाने पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला जाण्याची परवानगी मिळते. हा टप्पा १९९८ पासून चालू आहे. दुसरा, जवळजवळ चार हजार मीटरवर अफरवटच्या खांद्यापर्यंत नेणारा, २००५ पासून. कोंगडोरीहून खाली गुलमर्गपर्यंत झाडांमधून उतरणारी वाट स्नो बीटर यंत्राने दाबून सपाट केलेली असते. नवशिक्याला ती उतरायला तासभर लागतो, मांड्या थरथरतात, दर दोन वळणांनी थांबावं लागतं. त्या थांब्यांवर ढग नसतील तर नंगा पर्बत दिसतो. मी तिथे उभा असताना एक तुकडी बाजूने गेली, दहा-बारा वर्षांची स्थानिक मुलं, एकामागे एक, पोलशिवाय. बर्फ कापल्याचा करकर आवाज आला आणि ती झाडांत दिसेनाशी झाली. माणसाचं शरीर काय काय शिकू शकतं याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

अफरवटची गोष्ट वेगळी. तिथे यंत्राने दाबलेल्या वाटा नाहीत, कुंपणं नाहीत. जगभरचे तयारीचे स्कीअर त्या मोकळ्या बर्फासाठीच येतात, आणि तिथेच हिमस्खलन होतं. जुन्या, कमकुवत थरावर नवा जाड थर साचला की एका माणसाच्या वजनानेही अख्खा उतार सुटू शकतो. १ फेब्रुवारी २०२३ ला पोलंडचे दोघे गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा खाली चालू असताना, वर एक रशियन स्कीअर गेला. २०१० मध्ये तर प्रशिक्षण घेणारे लष्कराचे डझनाहून अधिक जवान जवळच्याच खिलनमर्गच्या उतारावर गाडले गेले. नवशिक्याने दुसऱ्या टप्प्यावर स्की घेऊन जाऊ नये. स्थानिक वाटाड्या, अंगावर ठावठिकाणा सांगणारा बीकन, पाठीवर फावडं आणि शोधकाठी, शिवाय ते वापरण्याचा सराव, यांतलं एक जरी नसेल तर अनुभवी माणसानेही जाऊ नये. खाली एखादा कुणी "चलो सर, मैं ले जाता हूँ, कुछ नहीं होता" म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहावं.

बर्फाचीच शाश्वती राहिली नाही, ही गुलमर्गची आजची खरी काळजी. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्ले कलानात गुलमर्गचे उतार तपकिरी होते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ आलेच नाहीत, किंवा आले ते कोरडे. बर्फ जानेवारी संपता संपता पडला. २०२५ मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या बर्फावरच्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. त्या मार्चमध्ये झाल्या. युरोपातली स्की गावं अशा वेळी तोफांनी कृत्रिम बर्फ उडवतात. त्याला पाणी लागतं, वीज लागते, थंडी तर लागतेच. इथल्या प्रशिक्षकाकडे यातलं काही नसतं. त्या कोरड्या जानेवारीत आरक्षणं रद्द होत गेली, आणि ज्यांचं अर्धं वर्ष या दहा-बारा आठवड्यांवर चालतं त्यांनी त्यातले कित्येक घरी बसून काढले. झेलमच्या खोऱ्यातल्या शेतीचं, बागांचं, उन्हाळ्यातल्या पाण्याचं गणितही याच बर्फावर बसलेलं आहे, तेव्हा हा केवळ खेळाचा प्रश्न नाही.

आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या बैसरनला जे घडलं ते मराठी लेखात न लिहिता पुढे जाता येत नाही. त्या दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. डोंबिवली, पुणे, पनवेलच्या घरांतली ती माणसं सहलीला गेली होती, आपल्यापैकी कुणीही जावं तशी. ज्यांच्या घरी हे दुःख आहे, किंवा ज्यांचं मन त्यानंतर काश्मीरला जायला घेत नाही, त्यांना कुणी समजावायला जाऊ नये. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला स्थानिक घोडेवालाही त्या दिवशी मारला गेला, हेही आपण लक्षात ठेवावं. ज्यांना जायचं आहे त्यांनी प्रशासनाच्या सूचना पाहून, पूर्ण माहिती घेऊन जावं. ज्यांना काश्मीर नको वाटतं पण स्की शिकायची आहे, त्यांच्यासाठी हिमाचलचं सोलंग आहे आणि औली आहे. औलीला जाताना जोशीमठवरून जावं लागतं. २०२३ च्या जानेवारीत तिथली घरं खचली, तेव्हा तिथून वर जाणारा रोपवे बंद पडला. रस्त्याने जाता येतं.

कुठेही जा, काही गोष्टी घरूनच करा. निघण्याआधी दोन महिने मांड्या आणि पोटाचे स्नायू तयार करा: जिने चढणं, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, रोज थोडं थोडं. बूट, स्की, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतात. पण गॉगल, जलरोधक हातमोजे आणि लोकरीचे पातळ लांब मोजे स्वतःचे न्या. बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं, ढगाळ दिवशीही. हेल्मेटशिवाय उतारावर उभे राहू नका. पहिले दोन दिवस उंचीची सवय होऊ द्या, पाणी प्या. विम्यात स्कीइंग येतं का ते कागदावर वाचून घ्या. बहुतेक साध्या प्रवासविम्यात ते येत नाही. खासगी प्रशिक्षक घ्यायचा असेल तर नोंदणीकृत घ्या, रोजचा दर आधी ठरवा, आणि ठरल्यावर घासाघीस करू नका. दिवसभर तुमच्या बाजूने उतार चढणारा माणूस असतो तो.

आणि एक दिवस ठेवू नका, आठवडा ठेवा; जमलं तर दोन. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना बरोबर न्या, ती तुमच्या आधी शिकतील. सरकारी वर्गांच्या जागा मोजक्या असतात.  अर्ज हिवाळ्याच्या बऱ्याच आधी करा.